लेडीच्या चित्रामागची ओल

मित्रांनो, मी जुना आहे, कागदाचा आहे आणि स्वभावानं घाबरट आहे. कागदाच्या जन्माला आलं की भीती पाठीशी लागतेच. विस्तवाची भीती, पाण्याची भीती, वाळवीची भीती, कात्रीची भीती. सव्वादोनशे वर्षं मी या सगळ्यांना भीत भीत काढली. पण आज जी भीती तुम्हाला सांगायची आहे, ती माझ्या एकट्याच्या जिवाची नव्हती.

माझा जन्म १७७६ साली लंडनमध्ये झाला. मी एक व्यंगचित्र आहे. तेव्हा कोणाची टर उडवायची तर चित्रकार तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर देई, त्यावर सुईनं चित्र काढी आणि पत्रा तेजाबात बुडवी. जिथे मेण खरवडलं असेल तिथे तेजाब तांबं खाई. त्या खाचांत शाई भरायची, वर ओलसर कागद ठेवायचा आणि दोन्ही मोठ्या लाकडी रुळांमधून काढायचं. माझ्या चित्रकाराचं नाव टकर. तो किडकिडीत होता, सतत खोकायचा, आणि बड्या लोकांच्या घरांसमोर तासन् तास उभा राहून त्यांच्या गाड्यांतून कोण कसं उतरतं ते बघायचा.

बघण्यासारखं पुष्कळ होतं. त्या काळी तिथल्या उमराव घराण्यांत उंच केसांचं खूळ आलं होतं. बायका केस वर, आणखी वर, हात हात उंच बांधू लागल्या होत्या. आत लोकरीची उशी आणि घोड्याचे केस भरायचे, वरून डुकराची चरबी थापायची, मग पांढरी पिठी भुरभुरायची. एकदा बांधलेलं डोकं तीन तीन आठवडे सोडायचं नाही. आत उवा होत. म्हणून खाजवायला हस्तिदंताची नाजूक काडी. घोडागाडीच्या छपराला केस लागू नयेत म्हणून या बायका गाडीच्या तळाशी गुडघे टेकून बसत, आणि नाचघराशी पोचल्या की राणीच्या दिमाखात उतरत.

टकरनं माझ्यावर काय काढलं ते सांगतो. एक लेडी नाचाला निघाली आहे आणि तिचं डोकं दाराच्या चौकटीत अडकलं आहे. दोन नोकर तिला मागून ढकलताहेत. तिसरा शिडीवर चढून करवतीनं चौकट कापतो आहे, कारण केसांना हात लावायची परवानगी नाही. केसांत एक कोंबडी निवांत अंड्यांवर बसली आहे. आणि लेडीचे यजमान, डोक्यावर वाटीएवढी टोपी, डोळ्याला भिंग लावून भलतीकडेच बघताहेत. जणू काही झालंच नाही.

छापून झाल्यावर मला एका लांब टेबलावर ठेवलं. तिथे मुली ओळीनं बसल्या होत्या. एकीनं लेडीच्या झग्याला गुलाबी रंग दिला, दुसरीनं नोकरांच्या कोटांना निळा, तिसरीनं कोंबडीचा तुरा लाल केला. संध्याकाळपर्यंत मी दुकानाच्या काचेत होतो आणि बाहेर माणसांची ही गर्दी! कोळसेवाला हसत होता, वकील हसत होता, मासे विकणारी बाई पोट धरून हसत होती. माझ्या आयुष्यातला तो पहिला दिवस, आणि खरं सांगतो, मला फार अभिमान वाटला.

दुसऱ्याच दिवशी सगळं फिरलं. चित्रातल्या लेडीच्या हनुवटीवर टकरनं एक तीळ काढला होता. तो तीळ लंडनमधल्या एकाच बाईला होता, लेडी हार्कवुडला. तिनं माणसं पाठवली. दुकानातली माझी सगळी भावंडं, अगदी मूळ तांब्याच्या पत्र्यासकट, विकत घेतली आणि घरी नेऊन शेकोटीत घातली. मी मात्र वाचलो. त्याच सकाळी, माणसं पोचण्याआधी तासभर, एका तरुण बाईनं मला विकत घेतलं होतं. तिचं नाव हॅना. ती लेडी हार्कवुडची केस बांधणारी दासी होती.

हॅनानं मला त्याच घरात नेलं! आपल्या ट्रंकेच्या तळाशी, अस्तराखाली लपवलं. वर दिवाणखान्यात माझी भावंडं जळत होती आणि खाली मला त्यांचा वास येत होता. मी सापडलो असतो तर मी जळालो असतोच, पण हॅनाला शिफारसपत्र न देता हाकलून दिलं असतं, आणि शिफारसपत्राशिवाय तिला कुठेच काम मिळालं नसतं. तरी ती मला जपत होती. सहा सहा तास उभं राहून ते डोकं बांधायचं, वर टाचणी टोचली म्हणून थप्पड खायची, आणि रविवारी दुपारी घर रिकामं झालं की मला बाहेर काढून तोंडावर हात धरून हसायचं. त्या हसण्यावर ती पुढचा आठवडा काढायची.

पुढे हॅनाच्या नातवानं जहाजानं न्यूझीलंड गाठलं. मी त्याच्या बायबलात घडी घालून आलो. ती घडी अजून माझ्या मध्यावर आहे. ऑकलंडला आल्यावर कोणीतरी मला काच आणि चौकट दिली, पाठीला तपकिरी पुठ्ठा लावला, आणि शंभरेक वर्षं मी एका लाकडी घराच्या बोळकांडीत लटकलो. तिथे कोणाचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. मुलं येता-जाता कोंबडीला टाटा करायची, तेवढंच.

आता आपण आपल्या काळात येऊ. २००३ साल. ऑकलंडच्या न्यू लिन उपनगरात मिसेस प्रिंगल नावाच्या एक आजी एकट्या राहत. त्या हॅनाच्या वंशातल्या. त्यांचे गुडघे दुखत, म्हणून नाक्यावरच्या औषधांच्या दुकानातली फार्मसिस्ट घरी जाताना त्यांची औषधं पोचवून जाई. तिचं नाव सुनीती. मूळची पुण्याची. नवरा चारुदत्त आयटीत, आणि सहा वर्षांची मुलगी इरावती.

मिसेस प्रिंगल वृद्धाश्रमात जायला निघाल्या तेव्हा त्यांनी मला भिंतीवरून काढलं आणि सुनीतीच्या हातात दिलं.

"तिथे माझ्या वाट्याला एकच भिंत आहे, डिअर," त्या म्हणाल्या. "हिला तू घेऊन जा. तू पहिल्यांदा आलीस तेव्हा हिच्याकडे बघून हसली होतीस. माझी मुलं कधी हसली नाहीत."

सुनीतीनं मला घरी नेलं. न्यू लिनमधलं ते छोटंसं भाड्याचं युनिट होतं, तीन-चार घरांच्या रांगेतलं एक. इरावतीनं मला बघितलं आणि ती सोफ्यावर उड्या मारायला लागली.

"आई, शी इज सो स्टक! आणि त्या अंकलना हेल्प का नाही करायची?"

"त्यांना लाज वाटतेय, बाळा," सुनीती म्हणाली. "बायको दारात अडकली हे कोणी बघितलं तर?"

"बट एव्हरीवन कॅन सी!"

सुनीती इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला हॅनाची आठवण झाली. मित्रांनो, ते वर्ष माझ्या आयुष्यातलं फार सुखाचं होतं.

मग चारुदत्तनं घर घ्यायचं ठरवलं. सुनीतीला न्यू लिनमधलंच एक जुनं लाकडी घर आवडलं होतं. उतरतं छप्पर, रुंद वळचण, मागे लिंबाचं झाड. चारुदत्तला ते पसंत पडलं नाही. "आपण इतक्या लांब आलो ते जुन्या खोपट्यात राहायला?" तो म्हणाला. त्याला हिल्सबरोमधलं नवंकोरं घर हवं होतं. गुळगुळीत प्लॅस्टरच्या क्रीम रंगाच्या भिंती, सपाट छप्पर, वळचण नाहीच, दिवाणखान्यातून दिसणारी खाडी. सुनीतीनं दोन-तीनदा विचारून बघितलं, मग ती गप्प बसली. २००४ साली आम्ही तिथे राहायला गेलो.

वास्तुशांतीला मराठी मंडळातली चाळीस माणसं आली होती. मी दिवाणखान्यात, खिडकीसमोरच्या भिंतीवर. माझ्याखाली उभं राहून लोक बोलत होते. कोणाकडे डबल गॅरेज होतं, कोणाच्या डेकवर स्पा होता, कोणाच्या किचनचा ग्रॅनाइट थेट इटलीहून आला होता. एक बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "अगंबाई, ही तर आपल्या गॅदरिंगलाच निघालीय!" सगळे हसले. चारुदत्त सगळ्यांत मोठ्यानं हसला. तो फार आनंदात होता. पाहुण्यांना तो प्रत्येक खोली दाखवत होता, प्रत्येक दिव्याचं बटण दाबून दाखवत होता. मला तो मनापासून आवडायचा. म्हणूनच पुढचं सांगताना मला जड जातं.

दुसऱ्या वर्षीच्या जुलैत, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, महिनाभर पाऊस लागला. एका सकाळी चारुदत्तला दिवाणखान्याच्या बाहेरच्या बाजूच्या भिंतीवर, आतून, खिडकीच्या कोपऱ्याखाली, एक डाग दिसला. चहाचा कप कलंडावा तसा, फिकट तपकिरी. सुनीती कामावर गेली होती. त्यानं तो डाग पुसून बघितला. गेला नाही. मग त्यानं इकडेतिकडे बघितलं, मला माझ्या जागेवरून उतरवलं आणि डागावर टांगलं.

सुनीतीनं संध्याकाळी विचारलं, "चित्र का हलवलंस?"

"तिथे ऊन येत होतं. रंग उडेल त्याचा."

तिला ते पटलं. ऊन रंगांना वाईट हे तिलाही माहीत होतं.

पहिले काही दिवस मला नुसता गारवा जाणवला. मग एका पावसाच्या दुपारी पाठीच्या पुठ्ठ्याला पाणी लागलं. थेंब नाही. भिंतच हळूहळू घाम सोडत होती. पुठ्ठा फुगला. त्याच्या मागे प्लॅस्टर मऊ पडलं. प्लॅस्टरच्याही मागे, लाकडात, काहीतरी कुजत होतं. त्याचा वास मला येत होता, पण काचेपुढच्या माणसांना येत नव्हता. मी ओरडू शकत नव्हतो. मी फक्त लेडी, नोकर आणि कोंबडी दाखवू शकत होतो, आणि येणारे-जाणारे माझ्याकडे बघून हसत होते.

चारुदत्तनं एकदा सुटी घेऊन एका म्हाताऱ्या सुताराला बोलावलं. गोरा होता, अर्धी विजार आणि पायांत जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घातलेला. त्यानं मला बाजूला ठेवलं आणि भिंतीत ओल मोजायच्या यंत्राच्या दोन सुया टोचल्या. यंत्र किंचाळायला लागलं.

"लाकूड गेलंय, मेट," तो म्हणाला. "चहात बुडवलेलं बिस्कीट बघितलंयस ना? तसं. छपराला वळचण नाही, पाणी सगळं भिंतीच्या आत उतरतंय. या भागात अशी ढीगभर घरं आहेत. भिंती उघडल्याशिवाय इलाज नाही."

"रंग मारला तर?"

सुतारानं त्याच्याकडे नीट बघितलं. "घरात मुलं आहेत?"

"एक मुलगी."

"मग बायकोला आजच सांग."

चारुदत्तनं त्याला दारापर्यंत सोडलं. ज्या कंपनीनं घर बांधलं होतं तिला त्यानं फोन लावला, पण तो नंबर बंद होता. कंपनी केव्हाच गुंडाळली होती. तो बराच वेळ खुर्चीत बसून राहिला. मला वाटलं, आता सांगेल. संध्याकाळी सुनीती आली, तिनं भाताचा कुकर लावला, इरावतीचा अभ्यास घेतला. चारुदत्तनं दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा दुसरंच काहीतरी बोलला. मी तोवर परत खिळ्यावर होतो. त्यानंच मला टांगलं होतं.

त्या हिवाळ्यापासून इरावतीचा दमा वाढला. आधी तिला निळा पंप आठवड्यातून एखाद्या वेळी लागायचा. आता रोज लागू लागला. तिची खोली दिवाणखान्याला लागूनच होती, त्याच भिंतीच्या पलीकडच्या टोकाला. सुनीती औषधांतली माणूस. तिनं गालिचा धुऊन घेतला, उशा बदलल्या, शेजारच्या मांजराला घरात यायची बंदी केली. वहीत लिहून ठेवायची, कोणत्या दिवशी काय खाल्लं, कुठे गेलो, किती वेळा पंप घेतला. ती वही ती माझ्याखालच्या टेबलावर बसून भरायची. तिच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर माझ्या पाठीवर काळी बुरशी धरत होती. त्या वहीत जे लिहायला हवं होतं ते मला माहीत होतं. मित्रांनो, माहीत असून बोलता न येणं किती भयंकर असतं, हे मी तेव्हा शिकलो.

आणि चारुदत्त? तो बारीक झाला. पाऊस सुरू झाला की तो खिडकीशी जाऊन उभा राहायचा. इरावती खोकली की त्याचा घास हातात थांबायचा. तरी वर्ष गेलं आणि तो बोलला नाही. मग एक दिवस त्यानं जाहीर केलं, "आपण हे घर विकू या. ऑफिस नॉर्थ शोअरला हलतंय. रोज एवढं कोण गाडी चालवणार?"

सुनीतीला नवल वाटलं, पण ती हरकत घेणारी नव्हती. त्या घरात तिचा जीव कधी रमलाच नव्हता.

घर बघायला गणेश आणि विनया आले. गणेश फिटर होता, साताऱ्याकडचा, दोन वर्षांपूर्वी आलेला. विनया हॉस्पिटलात नर्स. मनुरेवा उपनगरात एका खोलीत भाड्यानं राहत होते. गणेशची नोकरीची कागदपत्रं चारुदत्तनंच बसून तयार करून दिली होती, आणि तेव्हापासून ती दोघं त्याला मोठ्या भावासारखं मानत. विनयाला सातवा महिना होता.

ऑगस्टमधल्या रविवारची दुपार. बाहेर आभाळ भरलेलं होतं. सुनीतीनं चहा केला, चिवडा आणि नारळाच्या वड्या काढल्या. विनया पोटावर हात ठेवून खोल्या फिरून आली आणि सोफ्यावर टेकली.

"ताई, किती सुंदर आहे हो घर! आम्हाला परवडेल असं वाटलंच नव्हतं."

"बिल्डरकडून एकदा तपासून घ्या हां," सुनीती सहज म्हणाली. "इथे सगळे घेतात."

गणेशनं हात झटकला. "अहो वहिनी, दादा सांगताहेत म्हणजे झालं. परक्याकडून घेत असतो तर गोष्ट वेगळी."

चारुदत्त चहाकडे बघत होता.

विनया उठली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिनं भिंतीकडे बोट केलं. "पाळणा मी इथेच ठेवणार. या चित्राखाली. खाडी दिसते, उजेड येतो. बाळ दिवसभर कोंबडी बघत बसेल."

माझ्या पाठीतून पाणी उतरत होतं. त्याच क्षणी, अगदी त्याच क्षणी, एक ओघळ चौकटीच्या आत आला आणि लेडीच्या गुलाबी झग्यापर्यंत पोचला. मला वाटलं, कोणीतरी बघा. बघा ना!

"पाळणा तिकडे ठेवा," चारुदत्त म्हणाला. "त्या आतल्या भिंतीशी."

"का हो दादा?"

"इथे... इथे वारा लागतो."

सुनीती तोवर हसत उठली होती. "विनया, हे चित्र मी तुझ्यासाठीच ठेवणार. या भिंतीवर ते इतकं शोभतं. थांब, जवळून दाखवते."

"राहू दे!" चारुदत्त ओरडला.

त्याला इतक्या मोठ्यानं बोलताना त्या घरात कोणी ऐकलं नव्हतं. पण सुनीतीनं मला उचललं होतं. माझी पाठ भिंतीला चिकटली होती. ती सुटताना ओलं फडकं फाडल्यासारखा आवाज झाला आणि माझ्याबरोबर तळहाताएवढा रंगाचा पापुद्रा निघून आला. खोलीत वास पसरला. तळघरासारखा, कुजक्या पानांसारखा.

सुनीतीनं मला सोफ्यावर उताणं ठेवलं. तिनं भिंतीवरच्या काळ्या डागावर बोट टेकवलं. बोट पेराएवढं आत गेलं.

मग गणेशच बिचारा पुढे झाला. त्याला चारुदत्तचा अवघडलेला चेहरा बघवत नव्हता. "ओल धरलीय वाटतं. असतेच हो इथे, वहिनी. आम्ही रंग मारून घेऊ. किरकोळच आहे ना, दादा?"

सगळे चारुदत्तकडे बघत होते. त्यानं नुसतं "हो" म्हटलं असतं तरी चाललं असतं. गणेशनं सुटकेचं दार उघडून धरलं होतं, चारुदत्तनं फक्त पाऊल टाकायचं होतं. मी सोफ्यावर पडून छताकडे बघत होतो. शेजारच्या खोलीत इरावती खोकायला लागली. एकदा, दोनदा, मग थांबेचना. सुनीती पंप घेऊन आत धावली.

चारुदत्त उभा राहिला.

"नाही गणेश. किरकोळ नाही. रंगानं होणार नाही. आतलं सगळं लाकूड कुजलंय. वर्षभरापूर्वी सुतारानं सांगितलं मला." त्यानं एक श्वास घेतला. "हे घर घेऊ नका."

विनया हळू आवाजात बोलली. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

"मी पाळणा इथे ठेवते म्हटलं, दादा. तेव्हाही तुम्ही खरं सांगितलं नाहीत."

ती दोघं निघून गेली. चहा तसाच राहिला.

सुनीती दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिच्या हातात निळा पंप होता.

"वर्षभर मी वही लिहितेय, चारू," ती म्हणाली. "वर्षभर. मांजराला बाहेर काढलं मी. पोरीचं दूध बंद केलं. आणि तुला माहीत होतं?"

"मला लाज वाटली."

"कोणाची?"

"तुझी. तू ते लाकडी घर म्हणत होतीस. मग सगळ्यांची. चाळीस माणसांना घर दाखवलं होतं ना मी." तो खाली बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

सुनीतीनं त्याला जवळ घेतलं नाही. तिनं इरावतीची गादी उचलली, गाडीत टाकली, पोरीला जॅकेट घातलं. संध्याकाळ व्हायच्या आत त्या दोघी न्यू लिनमध्ये सुनीतीच्या दुकानातल्या मैत्रिणीकडे, सरलाकडे, राहायला गेल्या. मला तिनं बरोबर नेलं. का, ते मला सांगता येणार नाही. कदाचित मीही आजारीच दिसत होतो.

पुढचं वर्ष कठीण गेलं. चारुदत्त दर संध्याकाळी सरलाच्या दाराशी येऊन इरावतीला भेटायचा. सुनीती त्याच्याशी कामापुरतं बोलायची. दोन महिन्यांनी तिघं एका लहानशा कोरड्या युनिटमध्ये एकत्र राहू लागले. हिल्सबरोच्या घराला शिड्या लागल्या, पांढरं प्लॅस्टिक गुंडाळलं गेलं आणि भिंती उघडल्या. इरावतीचा रोजचा पंप आठवड्यावर आला, मग महिन्यावर. सुनीतीनं ती वही लिहायची बंद केली. मंडळात चारुदत्तनं स्वतः उभं राहून सगळं सांगितलं. तिथे आणखी तीन कुटुंबं निघाली ज्यांनी आपापल्या भिंतीवर काही ना काही टांगून ठेवलं होतं.

माझं काय झालं? सुनीती मला कागदांची दुरुस्ती करणाऱ्या एका बाईंकडे घेऊन गेली. बाईंनी "किया ओरा" असा माओरी नमस्कार करून मला टेबलावर घेतलं आणि चौकट उघडली. पाठीचा पुठ्ठा त्यांनी चाकूच्या पात्यानं कणाकणानं सोडवला. मऊ ब्रशनं बुरशी झाडली. मग त्यांनी एका उथळ ताटात स्वच्छ पाणी भरलं.

पाणी! मला थरथरता आलं असतं तर ते त्यांना दिसलं असतं. आयुष्यभर ज्याला भ्यालो त्यातच या मला घालणार? पण त्यांचे हात शांत होते. त्यांनी मला जाळीवर ठेवून हलकेच पाण्यावर तरंगवलं. पाणी पिवळं झालं, तपकिरी झालं. त्यांनी ते बदललं. तीन वेळा बदललं. मग टीपकागदांच्या थरांत दाबून मला वाळवलं.

"एक डाग राहील," बाई म्हणाल्या. "झग्यावरचा. तो काढायला गेले तर रंग जाईल."

"राहू दे," सुनीती म्हणाली.

आता २००९ साल आहे. मी सुनीतीच्या भिंतीवर आहे. चौकटीच्या मागे चार कोपऱ्यांना बुचाचे चार तुकडे लावले आहेत, म्हणजे भिंत आणि मी यांच्यात हवा खेळते. अजूनही पाऊस लागला की मला धडकी भरते. ती आता जायची नाही.

दोन वर्षांपूर्वी गणेशचा फोन आला होता. मनुरेवात एक विटांचं घर बघतोय, म्हणाला. मग म्हणाला, "दादा, याल का बघायला? तुम्ही बघितल्याशिवाय घ्यायला विनया तयार नाही." चारुदत्त गेला. परत आल्यावर त्यानं सुनीतीला सांगितलं की घरमालकाची परवानगी घेऊन त्यानं भिंतीवरची प्रत्येक चौकट, प्रत्येक कॅलेंडर उतरवलं आणि मागे तळहात दाबून बघितला. विनया मुलीला कडेवर घेऊन त्याच्यामागे खोली खोली फिरली. ती एक अक्षर बोलली नाही. शेवटच्या खोलीत मात्र तिनं स्वतः एक चौकट उतरवून त्याच्या हातात दिली. त्यानंतर घर घेणारे कितीतरी जण त्याला बोलावतात. रविवारी सकाळी तो निघतो, आणि इरावती म्हणते, "बाबा इज गोइंग टु टच वॉल्स अगेन."

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादं चित्र असेल. आजोबांचा फोटो असेल, देवाची तसबीर असेल, शाळेतलं बक्षीस असेल. ते तुम्ही पुढूनच बघता. आमचं मागून काय होतं ते आम्हाला सगळ्यांच्या आधी कळतं, पण सांगायला आम्हाला तोंड नाही. म्हणून वर्षातून एकदा, पाऊस सरला की, आम्हाला खाली उतरवा. आमची पाठ बघा, मग भिंतीला हात लावा. कोरडी असेल तर आम्हाला पुसून परत टांगा. ओली असेल तर आम्हाला टांगू नका. भिंत तशीच उघडी ठेवा आणि घरातल्या सगळ्यांना हाक मारून दाखवा. त्याच दिवशी.